बुडालेल्या आगबोटीवरचा श्वास

आज नवशिक्यांना पाण्याखाली उतरायचे मास्क वाटताना रबराचा तोच वास आला आणि मी गोव्यातल्या त्या सकाळच्या होडीत पोचलो. आठवीतून शाळा सुटलेली, म्हणून समुद्रात बुडी मारायचं काम शिकायला आलो होतो. आमच्या तेर गावच्या विहिरीत दम धरून तळ गाठायची सवय, त्यामुळं पाठीवर हवेची टाकी असूनही मी श्वास कोंडायचो.

"दम धरून वर येशील तर फुप्फुस फाटेल. आज जमलं नाय तर गावाक जा," शिकवणारे बाबलदादा म्हणाले.

लई भ्यालो होतो, तरी उतरलो. खाली तळाशी इंग्रजांची जुनी बुडालेली आगबोट दिसली. तिच्या गंजक्या खिडक्यांतून पिवळ्या माशांची झुंड बाहेर पडली, अन् बघताना कोंडलेला श्वास सुटून माझे बुडबुडे आपसूक वर निघाले.

वर आल्यावर दादा हसले. "उद्या पाहुण्यांबरोबर तूच उतर."

त्यांचे उपकार मोठे. होडीतूनच फोन लावला, "आये, मी इथंच राहतो."