मास्तरांची एंजलची जोडी

नागपुरात सक्करदऱ्याला मास्तरांच्या दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली असे. कडी वाजली की मासे दचकतात, म्हणून. खाप्याच्या पोस्टातून निवृत्त झालेला हा माणूस मागच्या खोलीत काचेच्या अकरा टाक्या मांडून बसलेला असायचा. खिडकीवरच्या ओल्या पोत्यातून उजेड गाळून यायचा आणि बाहेर मे महिना रणरणत असताना आत आपण कुठल्या तरी तळ्याच्या बुडाशी बसलोय असं वाटायचं.

सायकलवर बरण्या बांधून विकता विकता मी सीताबर्डीवर शोभेच्या माशांचं दुकान टाकलं होतं. एंजल मासे कलकत्त्याहून रेल्वेने यायचे आणि निम्मे वाटेतच मरायचे. मास्तरांकडे मात्र ते अंडी घालून पिल्लं वाढवायचे. नागपुरात घरचे एंजल फक्त माझ्या दुकानात मिळावेत, एवढंच मला हवं होतं.

"मास्तर, एक नर, एक मादी द्या. मी जोडी लावतो."

"जोडी तू लावणारा कोण गा?" त्या खोलीत ते कुजबुजतच बोलत. "सहा पिल्लं सोबत वाढवा लागते. त्यातले दोघं आपापलं ठरवते. आपण फक्त पाहाचं."

अशी ठरलेली एक जोडी होती. चार महिने मी तिच्या मागे लागलो. मी आकडा सांगायचो, ते टाकीकडे पाहत राहायचे. शेवटी एकदा कंटाळून "ने" म्हणाले.

दुकानात त्या जोडीने टाकीत उभ्या केलेल्या दगडी पाटीच्या तुकड्यावर तीनदा अंडी घातली आणि तीनदा स्वतःच खाऊन टाकली. मी सक्करदऱ्याला जाऊन दारातूनच ओरडलो, "बिघडलेला माल दिला मला!" मास्तरांनी चपला घातल्या, माझ्याबरोबर दुकानात आले आणि दिवसभर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिले. मी गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत होतो, अंगठीने काचेवर टकटक करून मासे दाखवत होतो. संध्याकाळी ते उठले.

"मासे चांगले आहेत. भेले म्हणून अंडे खाऊन राहिले. तू दिवसभर भांडते, बाबू."

माझे पैसे गल्ल्यावर ठेवून ते जोडी पातेल्यात घालून घेऊन गेले. विकलेला माल परत नेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. वर्षभर मी त्यांचं नाव घेतलं नाही.

मग त्यांच्या बायकोचा, काकूंचा निरोप आला. मास्तरांना मोतीबिंदू झाला होता, पण अजून पिकला नाही म्हणून डॉक्टर थांबायला सांगत होते. जोडीने अंडी घातली होती आणि मास्तरांना ती दिसत नव्हती. मी गेलो तो मनाशी ठरवूनच: काम करायचं आणि बदल्यात जोडी मागायची.

"तुलेच काहून बोलावलं, माहीत आहे? मालातली खोट तुले लगेच दिसते. हात मागं बांध अन् पाहून सांग."

दुकान उघडण्याआधी मी रोज सकाळी जाऊ लागलो. "चार अंडी पांढरी पडलीत," मी सांगायचो. "पडू दे. मादी उचलन." तिसऱ्या दिवशी पाटीवर बारीक शेपट्या थरथरू लागल्या. एक पिल्लू गळून पडलं आणि नराने ते तोंडात घेतलं. खाल्लंच! मी ओरडणार तोच मास्तरांनी माझं मनगट धरलं. नराने ते पिल्लू हळूच पाटीवर परत चिकटवलं.

आठव्या सकाळी पाटी रिकामी होती. मी काचेजवळ वाकलो. मग दिसलं, जोडी संथ पुढे चालली होती आणि मागोमाग धुरासारखा एक पुंजका तरंगत होता.

"पोहून राहिले का गा?"

"हो."

"किती?"

"मोजता येत नाहीत, मास्तर." माझाही आवाज कुजबुजीतच निघाला.

जोडी मागायची राहूनच गेली. पावसाळ्याआधी मास्तरांच्या मुलीने त्यांना कोराडीच्या कॉलनीत नेलं, तेव्हा जोडीची बरणी त्यांच्या मांडीवर होती. ती मला द्यायला हवी होती, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. हिवाळ्यात, ऑपरेशन व्हायच्या आधीच मास्तर गेले. ती पिल्लं त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिली नाहीत. पाहिली ती माझ्या तोंडून.