मालक नव्हे, कारभारी

आमची कारभारीण मला आयुष्यात कधी मालक म्हणाली नाही. इस्लामपुरातल्या आमच्या गल्लीत झाडून साऱ्या बायका नवऱ्याला मालक म्हणायच्या. शेजारची हौसाक्का दिवसभर ज्याचा उद्धार करायची, त्यालाही संध्याकाळी ‘आमचं मालक आलं’ म्हणून चहा टाकायची. ते ऐकून माझ्या पोटात दुखायचं. माझ्या वाट्याला नुसतं ‘कारभारी’. मग मीही चिडून तिला कारभारीण म्हणू लागलो, आणि तेच नाव गल्लीभर झालं.

अंगावरची हळद निघायच्या आत मी तिला कारण विचारलं होतं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “मालक एकच असतोय. येशूला मी लगनाआधीच तसा शबूद दिलाय. तुमी कारभारी. ह्ये बी काय ल्हान न्हाई.” आता मीही ख्रिस्तीच. बाप्तिस्मा झालेला, दर रविवारी उपासनेला जाणारा. पण प्रभूने देवळात राहावं. माझ्याच घरात त्याने माझ्या वरच्या पाटावर बसावं, हे मला काही पटेना.

सत्तर सालानंतर मी साखर कारखान्यात फिटर म्हणून कायम झालो आणि आम्ही दोन खोल्या बांधल्या. पेंटरला दारावरच्या पाटीसाठी माझं नाव सांगून मी कामावर गेलो. परत येऊन बघतो तर पाटीवर ठळक अक्षरांत ‘मालक : प्रभू येशू’, आणि खाली जरा बारीक, ‘कारभारी’ म्हणून मी. पेंटरला चहा पाजून हिने आपलं काम साधलं होतं.

पुढे घरांची नोंद करायला एक नवा कारकून आला. पाटीची वरची ओळ बहुधा उन्हामुळे त्याला अर्धीच दिसली.

“मालक कुठं असतात?” त्याने विचारलं.

“सगळीकडं असत्यात,” कारभारीण म्हणाली.

“इकडं कवा येतात?”

“हितंच हायत की. पर दिसायचे न्हाईत.”

तो बिचारा माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, “मग तुमी हितं राखणीला व्हय?” हौसाक्काचा नवरा कट्ट्यावर बसून ऐकत होता. त्यानंतर कितीतरी दिवस तो मला राखणदार म्हणूनच हाक मारायचा.

मी कामावरून यायच्या वेळी ती बऱ्याचदा प्रार्थनेत असायची. मी मुद्दाम चपला आपटायचो, तांब्या दणकन ठेवायचो. डोळे उघडतील तर शपथ. माझ्याशी बोलायचं तर मीठ संपलंय, रॉकेल संपलंय, एवढंच. आणि तिथे काय इतकं बोलत असेल? एकदा दाराआड उभा राहून ऐकलं. “त्येंची तंबाखू सुटंना. तूच बघ आता रं,” ती सांगत होती. तक्रारीचं मला काही वाटलं नाही. पण मला तुमी, आवं, आणि त्याला तू, रं! माझ्याशी ती जन्मात इतक्या जवळिकीने बोलली नव्हती. बायकांना निदान सवत असते. मला जे होतं, त्याला मराठीत शब्दच नाही.

एका नाताळला मी अडूनच बसलो. म्हटलं, “त्याच्यात आन् माझ्यात पयला कोण, ते सांग. मगच देवळात येतो.”

ती आरशासमोर वेणी घालत होती. क्षणभरही थांबली नाही. “त्यो पयला.” मग माझं तोंड बघून म्हणाली, “आवं, त्यो पयला हाय म्हणून तुमी दुसरं तरी हायसा. त्यो नसता तर पयली मीच असते. माझा सोभाव ठावं हाय की तुमास्नी. मग तुमचा नंबर कवा लागला असता?”

मी मुकाट्याने इस्त्रीचा शर्ट चढवला. देवळात मात्र गाणी म्हटली नाहीत.

सत्तरचं दशक सरत आलं आणि ती आजारी पडली. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आता काही उपाय उरला नसल्याचं सांगितलं. त्या दुपारी मी तिचा हात धरून बसलो होतो. तिचे ओठ हलले.

“मालक,” ती म्हणाली.

मी घाईघाईने ओ दिली. इतक्या वर्षांनी का होईना, म्हणाली. मी अगदी तिच्या तोंडापाशी वाकलो. तिचे डोळे मिटलेले होते.

“मालक, कारभाऱ्याला संभाळ रं,” ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी काही बोलली नाही.

पाटी अजून दारावर आहे. दर नाताळच्या आधी मी ती स्वतः रंगवतो. खालची ओळ झरझर होते, वरच्या ओळीपाशी ब्रश अडतो. तो मला सांभाळतो, हे मला कबूल आहे. तिच्यामागे तंबाखूसुद्धा सुटली. पण शेवटच्या घटकेला ती त्याला ‘रं’ म्हणाली, हे मी अजून त्याला माफ केलेलं नाही.