प्याल्याची कड

प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये सगळे कठड्याशी गुडघे टेकतात आणि द्राक्षरसाचा एकच प्याला ओळीने फिरतो. प्रत्येकाच्या घोटानंतर पाळक पांढऱ्या फडक्याने कड पुसतात आणि प्याला पुढच्याकडे देतात.

परवा माझ्या ओळीत लीलामावशी होत्या. त्यांचा जन्म नगरपालिकेची गटारं उपसण्यात गेला. त्यांच्या आणि माझ्या मध्ये मंडळीतले एक वजनदार गृहस्थ. पाळकांनी कड पुसली होती, तरी गृहस्थांनी खिशातून रुमाल काढला, कड पुन्हा घासून पुसली आणि मग डोळे मिटून भक्तिभावाने घोट घेतला. मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाई त्यांच्या आधी प्यायल्या, तेव्हा रुमाल खिशातच होता.

मला शिसारी आली. प्रार्थना काय, घरी एकट्यालाही करता येते. इस्त्रीचे कपडे घालून एकत्र यायचं ते दुसऱ्याचं उष्टं आपलं मानायला. तेवढंच जमत नसेल, तर ही पेटी, ही गीतं, हे गुडघे टेकणं म्हणजे नुसती कवायत.

बाहेर पडल्यावर मी त्यांना विचारलं, "रुमाल कशाला काढलात?"

"सर्दीचे दिवस आहेत हो," ते म्हणाले, आणि समोरून येणाऱ्या लीलामावशींना त्यांनी हसून हात जोडले. "सलाम, मावशी."

"सलाम, साहेब."

प्याला माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याच्या कडेला वास येत होता. मावशींच्या तोंडाचा नव्हे, त्या रुमालातल्या अत्तराचा. घरी येऊन दोनदा चूळ भरली, तरी तो जात नाही.