चावीवाले अप्पा आणि स्कॉटलंड

मन्मथअप्पा लग्नालासुद्धा चावी घेऊन जायचे. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. नळाच्या पाइपलाइनचा वॉल फिरवायची, कमरेएवढी उंच, वर आडवी दांडी असलेली लोखंडी चावी. मारुतीच्या देवळात चपला बाहेर, चावी आत. एकदा मतदान केंद्रावर पोलिसानं अडवलं, "हे हत्यार बाहेर ठेवा." अप्पा म्हणाले, "ठिवतो साहेब. पण कुणी उचलून वॉल फिरवला, तर पयलं तुमच्या चहाचं पाणी बंद व्हईल." पोलिसानं त्यांना चावीसकट आत सोडलं.

मी त्या गावात ग्रामसेविका म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी हे गृहस्थ कार्यालयात आले. ग्रामपंचायतीचे वॉलमन, म्हणजे गावाला पाणी सोडणारे. चावी धाडकन माझ्या टेबलावर आडवी ठेवली आणि विचारलं, "मॅडम, तुमाला स्कॉटलंड माहीत हाय का?" मला वाटलं, पाइपची नवी कंपनी असेल. मी म्हटलं, "कोटेशन मागवा." अप्पांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की सरकारनं कुणालाही नोकरी द्यायला सुरुवात केली याची त्यांना खात्रीच पटली असावी.

त्यांची एकुलती एक लेक महानंदा नर्स होती आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर स्कॉटलंडात, ग्लासगो शहरात राहत होती. इंग्लंडपासून वेगळं व्हायचं की नाही, यावर दोन हजार चौदा साली तिथं मतदान झालं. त्यात आमच्या परभणी जिल्ह्यातल्या एका वाडीच्या पोरीलाही मत होतं. ही गोष्ट अप्पांनी ताडकळसच्या बाजारात भाजीवाल्यांना सांगितली होती, एस.टी.च्या कंडक्टरला सांगितली होती आणि दवाखान्यात सलाईन लागलेलं असताना शेजारच्या खाटेवरच्या पेशंटलाही सांगितली होती. पेशंट उठून जाऊ शकत नव्हता.

"बगा मॅडम," ते म्हणायचे, "स्कॉटलंडात जल्मलेला गडी लंडनला राहायला गेला, तर त्याला मत न्हाई. आन् आमची महानंदा परभणीच्या सरकारी दवाखान्यात जल्मली, पर तिथं राहती, तर तिला मत! काहून? जो राहतो त्याचं मत. ह्याला म्हंत्यात इन्साफ." मग आवाज खाली आणून, "फोन करून इचारलं तिनं मला, अप्पा, काय करू? मी म्हणलं, न्हाई मन. भरल्या घरातून उठून जायचं नसतं. तिनं ऐकलं. आन् तिकडं न्हाईच निघालं!" एवढ्या मोठ्या साम्राज्याचे तुकडे होता होता वाचले ते आमच्या वॉलमनच्या एका फोनमुळे, अशी त्यांची मनापासूनची समजूत होती. मी ती मोडायला गेले नाही. पाणी मलाही लागायचं.

गंमत अशी, की लंडन आणि स्कॉटलंडला एकत्र ठेवणारे अप्पा आमच्या वाडीला मात्र गावापासून तोडायला निघाले होते. अप्पा वाडीचे. गाव आणि वाडीच्या मध्ये एक ओढा, पण ग्रामपंचायत एकच. सरपंच नेहमी गावातला, टाकी गावात, शाळेची नवी खोली गावात, आणि पाणी आधी गावाला दोन तास, मग उरलंसुरलं वाडीला पाऊण तास. पाणी सोडणारा वाडीचा, त्यामुळे गाव म्हणायचं हा वाडीला जास्त सोडतो, आणि वाडी म्हणायची हा गावाला विकला गेलाय. दोन्हीकडच्या शिव्या अप्पा सारख्याच शांतपणे खायचे.

"राजकारण काय असतंय मॅडम? टाकीत पाणी किती हाय ते बगू नका. चावी कुणाच्या हातात हाय ते बगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "लंडनहून स्कॉटलंडाला ठोक पैसा जातो. पर खर्च कुटं करायचा ते तिथली माणसं ठरवत्यात. त्यांनी काय केलं? गोळ्या-औषध फुकट. म्हाताऱ्यांना बस फुकट, आन् आता पोरांना बी. आन् आमच्या वाडीच्या वाट्याचा पैसा कुटं जातो? सरपंचाच्या दारातल्या फरशीत! ती फरशी बी चालताना आवाज करती, वाडीची हाय मनून."

वाडी गावाएवढीच मोठी. सगळी माणसं घरी असली, तर ग्रामसभेत वाडीचे हात गावापेक्षा जास्त भरायचे. अडचण एवढीच, की अर्धी वाडी दसरा झाला की ऊस तोडायला निघून जायची, ती उन्हाळ्यातच परत यायची. आणि वेगळ्या ग्रामपंचायतीचा ठराव सरपंचांनी नेमका कधी घेतला, तर सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत. तारीख सरकारीच होती, कुणाला बोट दाखवायला जागा नव्हती. नोटीस माझ्या सहीची. सही करताना मला कळत होतं, की वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद आहेत. तरी केली. नोकरी होती, आणि सरपंचांनी चहा मागवला होता.

अप्पा काही कच्चे नव्हते. कौसाबाई म्हणून तोडीवाल्यांची एक फटकळ मुकादमीण होती, तिला धरून त्यांनी दसऱ्याआधीच घरोघर फिरून एका कागदावर सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेऊन ठेवले होते. 'आम्ही तोडीला चाललो, आमचं मत वेगळ्या ग्रामपंचायतीला धरावं.' तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून चार महिने त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात होता. आंघोळ करतानासुद्धा तो खुंटीवरून डोळ्यांसमोर दिसेल असा टांगायचे म्हणे.

सभेच्या आदल्या संध्याकाळी सरपंच माईक घेऊन वाडीत आले. इतकी वर्षं त्यांना ओढा ओलांडायचा म्हटलं की गुडघा दुखायचा, त्या दिवशी अजिबात दुखला नाही. "वेगळं होऊ नका, तुमाला वेगळी टाकी देतो, तुमच्या वाट्याचा पैसा कुटं लावायचा ते तुमीच ठरवा," असा जाहीर वायदा केला. अप्पा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "शेम टू शेम! तिकडं बी मतदानाला दोन दिस ऱ्हायले तवा लंडनवाले असंच वायदे करीत पळत आले व्हते. भ्याले बगा हे."

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या आणि सभा सुरू झाली. ठराव वाचून होताच सरपंच उठले आणि हसत म्हणाले, "मताआधी अप्पांनी जरा समद्यांला सांगावं, स्कॉटलंडात मत कुणाला व्हतं?"

आता कोणत्याही शहाण्या माणसाला वास आला असता. पण दहा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी आपण होऊन अप्पांना स्कॉटलंड विचारलं होतं! माणूस फुलून आला. चावी टेकवून उभे राहिले आणि दहा मिनिटं बोलले. जल्मलेला कोण, राहणारा कोण, महानंदाला मत कसं, लंडनवाल्याला का नाही. शेवटी छाती काढून म्हणाले, "जो राहतो त्याचं मत!" गावाच्या बाजूनं टाळ्या पडल्या. सरपंच म्हणाले, "वा अप्पा. मग आपला बी नियम त्योच. आज जे राहत्यात त्यांचंच मत. बाहेरगावी असतील त्यांचं न्हाई."

अप्पांचा हात बंडीच्या आत गेला होता, तो तिथंच राहिला. पिशवीचं टोक मला दिसत होतं. मी सभेची सचिव. मी म्हणू शकले असते, की तोडीला गेलेला माणूस तात्पुरता गेलेला असतो, त्याचं घर, त्याचं रेशन कार्ड, त्याची म्हातारी आई सगळं वाडीतच आहे. तो कागद मोजता आला नसता हे खरं, पण सभा पुढे ढकला असं म्हणता आलं असतं. मी वहीत तारीख लिहीत बसले. "नियम माझाच हाय," अप्पा एवढंच म्हणाले आणि खाली बसले. हात मोजले, वाडी हरली.

त्यानंतर आठ दिवस अप्पांनी स्कॉटलंडचं नाव काढलं नाही. गाव हवालदिल झालं. इतकं, की सरपंचांनी स्वतः विचारलं, "अप्पांची तब्येत बरी हाय ना?" मग अप्पांनी माझ्याकडे चार दिवसांची रजा मागितली. चावी माझ्या कपाटात ठेवली, पहिल्यांदाच, आणि एस.टी.नं पार कारखान्यांच्या मुलखात गेले. वाडीची माणसं उसाच्या ज्या ज्या फडावर होती, त्या त्या फडावर जाऊन, त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांत, कोपीकोपीत सांगितलं, "माझ्या तोंडानं तुमचं मत गेलं. ह्यो तुमचा कागद." कौसाबाईनं मला पुढे सांगितलं, "मॅडम, उसाच्या पाचटावर बसून म्हातारं रडलं. मी म्हणलं, अप्पा, गप बसा आता. मोळ्या बांधू लागा, न्हाई तर वाटंला लागा. तर दोन दिस मोळ्या बांधू लागलं की!"

परत आले ते नवाच हिशेब घेऊन. "मॅडम, हरलेल्यालाच मागता येतंय. जितला त्यानं वायदा पाळायचा असतो. तिकडं न्हाई निघालं, तरी पुढं टॅक्सची चावी लंडननं दिलीच का न्हाई? तसं सरपंचाला आता टाकी द्यावीच लागंल." आणि त्यांनी पिच्छा पुरवला. टाकी झाली. निळा रंग मारला, फीत कापली, संगमरवरी पाटी लागली. फक्त टाकीला पाइप जोडला नव्हता. अप्पांनी फोनवर महानंदाला कोरडी टाकी दाखवली, तशी ती हसत सुटली. तिकडेही म्हणे सरकारी पैशातून एक मोठी बोट बांधायला काढली होती, आणि ती पाण्यात सोडायच्या समारंभापर्यंत तिला खिडक्या बसल्या नव्हत्या, म्हणून त्या नुसत्या रंगवल्या होत्या. पुढे कित्येक वर्षं ती बोट बनतच राहिली. अप्पांनी मांडीवर थाप मारली. "खिडक्या रंगवल्या? मग तर ते आपलेच लोक हाईत की!"

त्या दिवसापासून दर सोमवारी माझ्या टेबलावर चावी आडवी पडायची आणि प्रश्न यायचा, "बोट कुटवर आली, मॅडम?" दोन उन्हाळे हा प्रश्न मी ऐकला. शेवटी त्या आवाजाच्या धसक्यानंच मी तालुक्याला सात चकरा मारल्या आणि पाइप जोडून घेतला. पाणी आलं त्या दिवशी वाडी तोडीवरून परत आली होती. कौसाबाईनं पहिली घागर भरली आणि त्यातली अर्धी अप्पांच्या डोक्यावर ओतली. म्हातारा तसाच भिजत उभा राहिला, चावी धरून. मला म्हणाले, "एक राह्यलंय. त्यांचं मत. वाडीचा ठराव आता पंधरा ऑगस्टालाच घ्या. तवा समदे घरी असत्यात. वायदा करा." मी केला.

ते जुलैत गेले. चहा पिता पिता, बशी हातात. अप्पा लिंगायत, त्यांच्यात पुरतात. टाकीच्या मागे त्यांचाच जमिनीचा तुकडा आहे, तिथं त्यांना मांडी घालून बसवलं. महानंदा तिसऱ्या दिवशी पोचली. मी तिच्याजवळ बसले आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तिकडच्या मतदानात तुम्ही त्यांचं ऐकून नाही म्हणालात, याचा फार अभिमान होता हो त्यांना." ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मी तर हो म्हणाले होते. त्याच रात्री अप्पांना सांगितलंसुद्धा. म्हणाले, तिथं तू राहतीस, मी न्हाई. मत तुझं. पर गावात मी माझंच सांगणार, तेवढं चालवून घे." मला तिथंच रडू फुटलं. इतकी वर्षं आम्हा सगळ्यांना फसवलं या माणसानं, आणि वर नियम शिकवला.

पंधरा ऑगस्टला ठराव आला. सगळी वाडी हजर, पहिल्या रांगेत कौसाबाई. सरपंच म्हणाले, वेगळ्या ग्रामपंचायतीच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत. हात वर झाले, आणि कौसाबाईनं एका हातासोबत दुसऱ्या हातानं ती लोखंडी चावी उचलून धरली. "हे अप्पाचं."

सरपंच वैतागले. "मेलेल्या माणसाचं मत धरत नसत्यात, बाई."

"जो राहतो त्याचं मत, आसं तुमीच म्हणला व्हता ना?" कौसाबाई म्हणाली. "आमी दसऱ्याला पुन्यांदा जाऊ. म्हातारं आता कुटंच जात न्हाई. त्याच्याएवढं वाडीत राहणारं दुसरं कोण हाय, दाखवा."

सभा हसली, सरपंचांनासुद्धा हसू आवरेना. मी उठून मोजायला लागले. एकेका रांगेतून, एकेका हाताकडे बोट करत, मागच्या भिंतीपर्यंत. वाडी चांगल्या बावीस हातांनी पुढे होती, म्हणजे एकानं काही बिघडत नव्हतं. मी वहीत आकडा लिहिला आणि मोठ्यानं वाचला. सरपंचांनी स्वतःही मोजलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, एक जास्त झालाय. पुन्यांदा मोजा."

मी वही मिटली आणि म्हणाले, "बरोबर आहे."