पेशीवाली

आमचं गाव हिंदी मुलखातलं; दाना ओलीतल्या आमच्या घरात विज्ञान मराठीत चालायचं आणि शाळेत हिंदीत. आई लग्नाआधी महाराष्ट्रात शिकलेली. पोळ्या लाटता लाटता ती मला सांगायची, प्रत्येक पेशीत ऊर्जा पुरवणारं एटीपी तयार होतं, लगेच खर्चलं जातं, पुन्हा तयार होतं. चरबी साठते, एटीपी साठत नाही.

अकरावीत जीवशास्त्राच्या सरांनी विचारलं, "एटीपी कहाँ बनता है?" मी ताडकन उठले. "सर, पेशी में!"

हिंदीत तिला कोशिका म्हणतात. पेशी म्हणजे कोर्टातली हजेरी.

"पेशी में? किस केस की पेशी, बिटिया? वकील कर लिया?"

वर्ग खो खो हसला. उत्तर बरोबर होतं आणि ते त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. तरी घंटा होईपर्यंत त्याने मला उभं ठेवलं. पुढे दौलतगंजात भाजी घ्यायला गेले तरी मागून हाक यायची, "ओ पेशीवाली!" वर्गात मी परत तोंड उघडलं नाही.

काळ गेला की राग निवतो म्हणतात. माझा नाही निवला. एटीपीसारखा तो रोज ताजा करावा लागायचा, आणि मी तो मन लावून केला. त्याच्याच जोरावर जीवरसायनशास्त्र शिकले, इथल्याच कॉलेजात शिकवायला लागले.

यंदा थाटीपुरात शाळांच्या शिक्षकांसाठी कार्यशाळा होती. बोलणाऱ्यांत मी होते आणि ते सरही होते, आता निवृत्त, केस पांढरे, आवाज तोच. ते फळ्यावर एटीपी काढून म्हणाले, "फॉस्फेट का बंध टूटा, और टूटते ही ऊर्जा निकली."

मला केवढा आनंद झाला. मी उभी राहिले.

"सर, बंध तोड़ने में तो ऊर्जा लगती है। फिर निकली कहाँ से?"

खरं तर पाण्याशी क्रिया होऊन जे नवे, जास्त पक्के बंध तयार होतात, त्यातून ती मिळते. तोडायला लागते त्याहून जास्त. हे त्यांनी कधी विचारातच घेतलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि एकदम चेहरा उजळला.

"अरे! तुम तो हमारी पेशीवाली हो!"

सभागृह हसलं. त्यांच्या लेखी ती एक गोड आठवण होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"जी सर, वही," मी माईकवर म्हणाले. "आज पेशी आपकी है। जवाब दीजिए।"

हसू थांबलं. सरांनी फळ्याकडे पाहिलं, मग मागे खुर्ची चाचपली आणि बसू का, असं डोळ्यांनीच मला विचारलं.

मी म्हणाले, "खड़े रहिए, सर। अभी घंटी नहीं हुई।"