अँटेनाला घातलेला हार

"मॅडम, आधी ते गेट बंद करा, नाहीतर पोरं त्यातून जाणार नाहीत."

निघोज्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीच्या डिस्पॅचमध्ये, म्हणजे माल बाहेर पाठवायच्या शेडमध्ये, पाय ठेवला आणि सुपरवायझर गायकवाडांनी माझं असं स्वागत केलं. समोर बघते तर मालाने भरलेली ट्रॉली माणसं गेटच्या अलीकडून ढकलून देतायत आणि स्वतः वळसा घालून पलीकडे पकडतायत. गेट मीच बसवलेलं. आधी हसू आलं, मग राग.

गेट म्हणजे दोन खांब, त्यांवर चपटे अँटेना आणि मागे रीडर नावाचा डबा. मालाच्या प्रत्येक पेटीला टॅग चिकटवलेला असतो. रीडर रेडिओलहरी सोडतो, टॅग आपला नंबर सांगतो, कुठला माल बाहेर गेला ते कॉम्प्युटरला कळतं.

"झालंय काय?"

"दसऱ्यापासून इथं फोन लागत नाही. गेटच्या रेडिएशननं नेटवर्क मरतंय, मग माणसाचं काय होईल, असं म्हणतात सगळे."

प्रश्न रास्त होता. पण ही भीती रेश्माच्या मुळावर आली होती. गेटलगतच्या टेबलावर ती माल तपासायची. नांदेडकडची, कंत्राटी कामगार, पोटुशी, पाचवा महिना. एचआरचे जोशी साहेब तिला घरी बसवायला निघाले होते, तेही काळजीपोटी. कंत्राटी माणसाला आराम करायला सांगितलं की खुर्चीवर लगेच दुसरं कोणीतरी बसतं, हे आमच्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

"संध्याकाळपर्यंत सांगा," जोशी म्हणाले. "शंका असली तर उद्यापासून तिला बोलवत नाही."

रेश्माने मला थेटच गाठलं. "मॅडम, लोकं काहीबी सांगायलेत. मला काम सोडायचं न्हाई. पण लेकराला धोका असंल तर मी इथं एक मिनिट बसणार न्हाई. खरं काय ते सांगा."

"मोजून सांगते," मी म्हणाले. न मोजता धीर देणं मला जमत नाही.

रेडिएशन म्हटलं की लोकांना एक्स-रे आठवतो. रीडरच्या लहरी त्या जातीच्या नाहीत, मोबाईलच्या जातीच्या आहेत. पेशी तोडण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते. फार जवळून, फार पॉवरने सोडल्या तर अंग तापवू शकतात, म्हणून पॉवरला मर्यादा आणि अँटेनापासून अंतर, असे दोन नियम. लायसन्सचंही तसंच. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा अशा रीडरसाठी मोकळा आहे, वेगळं लायसन्स लागत नाही. मात्र उपकरण मंजूर झालेलं हवं आणि पॉवर ठरलेल्या हद्दीत हवी. पट्ट्याबाहेर गेलात की सवलत संपली.

मी स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लावला. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर काय चाललंय ते हे यंत्र दाखवतं. ८६५ला शुकशुकाट. ९०२च्या पुढे मात्र नुसता धुमाकूळ. तो अमेरिकेतला पट्टा. आपल्याकडे तिथे मोबाईल चालतात. शेडमध्ये नेटवर्क यावं म्हणून रीतसर बसवलेला बूस्टर त्या गोंगाटाने पार बधिर झाला होता.

"गायकवाड, सेटिंगला हात कुणी लावला?"

गायकवाड अँटेनाकडे बघत राहिले. मीही बघितलं. अँटेनावर खंडेनवमीचा हार होता, झेंडूचा, मनगटाएवढा जाड, आता सुकलेला. यंत्रांची पूजा झाली, तेव्हा गेटचीही झाली. ओल्या फुलांतलं पाणी या लहरी पिऊन टाकतं. तेव्हा टॅग वाचले जाईनात.

"मग हार काढायचा ना!"

"पूजेचा हार कसा काढणार, मॅडम? पाप कोण घेईल? मेनूमध्ये अमेरिका दिसलं. म्हटलं त्यांची रेंज जास्त असेल. पॉवर फुल केली. आणि अँटेना जरा पुढं घेतला."

जरा म्हणजे रेश्माच्या पाठीला टेकायचाच बाकी होता.

मी तिच्या खुर्चीपाशी मीटर धरला. अँटेनाचं तोंड ट्रॉलीच्या वाटेकडे असल्याने त्या बिघडलेल्या सेटिंगवरही आकडा मर्यादेच्या आत आला, तेव्हा माझाच जीव भांड्यात पडला. पण रीडरच्या मॅन्युअलमधलं अंतर पाळलेलं नव्हतं, आणि तेही मी लपवलं नाही. मग सेटिंग भारताचं केलं, पॉवर खाली आणली, हार मी स्वतः नमस्कार करून उतरवला. अँटेना मूळ जागी बसवून पुन्हा मोजलं. आकडा शून्यावरून जेमतेम हलला.

"म्हणजे तिला हलवायची गरज नाही?" जोशींनी विचारलं.

"हलवायचा होता तो अँटेना. हलवला. रिपोर्टवर माझी सही आहे."

"आणि तुमची स्वतःची मुलगी असती तर?"

"याच खुर्चीवर बसवली असती. गायकवाडांच्या अमेरिकेत नसती बसवली."

रेश्माने मीटरचा आकडा स्वतः वाकून पाहिला, अंतर हाताने मोजलं आणि खुर्ची ओढून बसली. तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजला. दसऱ्यानंतर त्या शेडमध्ये वाजलेला तो पहिला फोन. सगळे थबकले.

"हां आत्या," ती सासूला म्हणाली, "कामावरच हाय. उद्याबी येणार हाय."

तिच्या मागून एक ट्रॉली गेटमधून गेली. ढकलणारा माणूसही ट्रॉलीबरोबरच गेला.

तेव्हापासून गेट बसवून झालं की मी दोन कामं न चुकता करते. सेटिंगचा पासवर्ड सुपरवायझरला देत नाही. आणि हारासाठी अँटेनापासून लांब, खांबाला एक हूक मारून देते.