चाचांच्या बोटीचं सर्टिफिकेट

बंदराजवळच्या एका लहानशा मच्छीमार सोसायटीत मी तेव्हा कॉम्प्युटरचं काम बघत होते. सभासदांच्या बोटींवर आम्ही एकेक छोटी पेटी बसवली होती. मोबाइलचं नेटवर्क मिळेल तिथून ती बोटीचा ठावठिकाणा आमच्या सर्व्हरला कळवायची. हा ठावठिकाणा गुप्त राहणं गरजेचं होतं. मासळीच इतकी कमी झाली होती, की एखाद्याला कुठे चांगली मासळी लागल्याचं बाहेर फुटलं तर लगेच तिथे बोटींची गर्दी व्हायची.

चाचा माझ्या वडिलांचे शाळेपासूनचे दोस्त. बोट त्यांचीच आणि ती चालवणारे तांडेलही तेच. एक दिवस ऑफिसात येऊन बसले आणि म्हणाले, "बाय, तुझी पेटी जरा लांब गेलं की मुकी होते गो."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. काहीही पाठवण्याआधी पेटी आणि सर्व्हर एकमेकांचं सर्टिफिकेट तपासत, म्हणजे ओळख पटवून घेत. आमची सर्टिफिकेटं जुन्या पद्धतीची, लांबलचक होती. सिग्नल कमजोर असला की ओळख पटायच्या आतच जोडणी तुटायची. एलिप्टिक कर्व्ह नावाच्या नव्या पद्धतीत सर्टिफिकेटातल्या किल्ल्या, म्हणजे ओळख पटवणारे आकडे, कितीतरी आखूड असतात आणि सुरक्षितता मात्र तेवढीच. मी सगळी सर्टिफिकेटं नव्याने करायला घेतली.

चाचांना समजावून सांगितलं, "दरवेळी पेटी आणि सर्व्हर मिळून नवी किल्ली ठरवतात. पण ती हवेतून पाठवत नाहीत. दोघं आपापल्या जागी गणित करतात आणि उत्तर एकच येतं. मधे कोणी ऐकत असला तरी त्याच्या हाती ती लागत नाही."

"आणि मासळी आपल्या हाती लागते काय?" चाचांनी विचारलं. ते हसत नव्हते, त्यामुळे मीही हसले नाही.

काम सरळ झालं नाही. पेटीची बॅटरी पूर्ण उतरली की तिचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं. मग आमचं नवं सर्टिफिकेट तिला अजून सुरूच न झालेलं वाटायचं आणि ती सर्व्हरला ओळखच द्यायची नाही. शेवटी मी तिला उपग्रहाकडून वेळ घ्यायला लावलं. त्यानंतर जोडण्या टिकू लागल्या. पूर्वी गप्प होणाऱ्या बोटी स्क्रीनवर दिसायला लागल्या, पण त्या परत यायच्या त्या जवळपास रिकाम्याच.

त्याच मोसमात चाचांच्या बोटीचं इंजिन समुद्रात बंद पडलं. वारा वाढला होता, बोट वाहत चालली होती आणि फोन कुणाचाच लागत नव्हता आणि वायरलेसही इंजिनाचं कळवून, जागा सांगायच्या आतच मुका झाला होता. मोबाइलचा सिग्नल मधेच क्षणभर येई आणि जाई. तेवढ्यात पेटीची ओळख पटली आणि जागा आमच्यापर्यंत पोचली. मी ती वायरलेसवरून जवळच्या बोटीला कळवली. संध्याकाळी त्या बोटीने चाचांची बोट दोराने ओढून धक्क्याला आणली. खलाशी सगळे सुखरूप होते.

चाचा वर ऑफिसात आले. कपडे ओलेच होते. म्हणाले, "माणसं वाचली गो बाय. बोट काय आता वाचत नाय."

नव्या इंजिनाला पैसा नव्हता आणि असता तरी तो घालावा अशी मासळी समुद्रात उरली नव्हती. बोट विकली गेली. घेणाऱ्याला ती मासेमारीसाठी नको होती. तो तिचं लाकूड आणि लोखंड वेगळं करणार होता.

पेटी दुसऱ्याच्या हाती पडली तरी त्याला ती वापरता येऊ नये म्हणून बोट विकल्यावर तिचं सर्टिफिकेट रद्द करावं लागतं. मी ते करत होते तेव्हा चाचा शेजारच्या खुर्चीवर होते. प्रोग्रॅमने रद्द करण्याचं कारण मागितलं. ठरलेल्या कारणांतलंच एक निवडायचं होतं.

"काय विचारतोय तो?" चाचा म्हणाले.

"सर्टिफिकेट का रद्द करायचं ते. किल्ली चोरीला गेली का, नवं सर्टिफिकेट दिलं का, की काम कायमचं थांबलं."

ते खुर्चीवरून उठले. "थांबलं, लिही," म्हणाले आणि चपला घालून जिना उतरले.

पुढच्या दोन मोसमांत बाकीच्या बोटींसाठीही मी तेच कारण निवडत गेले. सर्व्हर चालू होता, त्याचं सर्टिफिकेट वेळेवर नवं होत होतं, पण जोडायला कोणी येत नव्हतं. सोसायटीने सर्व्हर बंद केला. मी आता इथेच, मांडवीतल्या घरी बसून मुंबईच्या एका कंपनीसाठी सर्टिफिकेटांचं हेच काम करते. त्या जोडण्यांच्या पलीकडे कोण असतं, मला माहीत नाही.

चाचा चिपळूणला लेकीकडे राहायला गेले. ईदला मी फोन केला. तब्येत विचारली, नातवंडांचं विचारलं.

"दिवसभर काय करता, चाचा?"

"काय करायचं," ते म्हणाले. "बसतो."